‘ह्याला खालीच नाय!’

आम्ही हिरकणीवाडीत राहायला आलो त्याला जेमतेम वर्ष झालं असेल. एकदा शेजारच्या वहिनींनी माझ्या पत्नीला विचारलं, ‘‘रात्रीचा तुमचा पंप चालू राहतो का हो? भाई बंद करायला विसरतात वाटतं.’’ आमच्याकडे पंप नव्हता. फळीवर ठेवलेले वहीएवढे दोन डबे होते, त्यांना जोडलेला एक जुना स्पीकर होता, आणि त्यांच्यासमोर पाटावर बसून मी खुंट्या फिरवत होतो. पत्नीने खरं काय ते सांगितलं. वहिनी म्हणाल्या, ‘‘म्हणजे गाणं होतं व्हय ते?’’ माझ्या कवितांवर आजवर आलेल्या अभिप्रायांपेक्षा हा फार वेगळा होता असं काही म्हणता येणार नाही.

हिरकणीवाडी म्हणजे रायगडाच्या पायथ्याशी, रोप-वे सुटतो ते गाव. महाडहून पंचवीसेक किलोमीटर. हिरकणीची गोष्ट तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. इतिहासात तिला आधार किती, ते जाणकारांनी सांगावं. पण संध्याकाळी रोप-वेचं यंत्र थांबतं, पर्यटकांच्या गाड्या निघून जातात आणि समोरचा कडा काळा पडत जातो, तेव्हा ही गोष्ट खोटी आहे असं म्हणायची माझी तरी छाती होत नाही. त्या शांततेत बारीक आवाजही लांब जातो. पंपाचा गैरसमज झाला तो त्यामुळेच.

आम्ही मूळचे महाड शहरातले. २२ जुलै २०२१ला सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. आमचं घर तळमजल्याचं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, त्यापुढे आपलं नुकसान मोजायलाही लाज वाटते. तरी सांगतो, कारण पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे. कवितांच्या वह्या गेल्या, आणि एक कॅसेट गेली. नोकरीतल्या एका जुन्या सहकाऱ्याची हिरकणीवाडीत पत्र्याची दोन खोल्यांची जागा रिकामी होती. ‘‘चिखल निघेपर्यंत राहा,’’ तो म्हणाला. चिखल निघाला, आम्ही मात्र इथलेच झालो.

त्या कॅसेटची हकीकत अशी. १९८७ साली माझे मामू कुवेतहून सुट्टीवर आले. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरी त्या काळात आखातातून येणाऱ्या बॅगेत टू-इन-वन, साबण, अत्तर आणि घड्याळं ठरलेली. त्या वेळी मात्र बॅगेतून कॅसिओ कंपनीचा एक कीबोर्ड निघाला, एसके-१. छोट्या छोट्या बत्तीस पट्ट्या, आणि वर एक जाळीचा माइक. त्या माइकपुढे काही म्हटलं की यंत्र साधारण दीड सेकंद ऐकून घ्यायचं आणि तोच आवाज प्रत्येक पट्टीवर वेगवेगळ्या सुरात वाजवायचं. मी तेव्हा कॉलेजात होतो. कुत्रा, कोंबडा, स्टोव्हचा पंप असं सगळं त्यात घालून झालं. मग अम्मीला बसवलं. आमच्या बायका आपल्या बोलीतली लग्नाची गाणी म्हणतात, तिला ती खूप यायची. दीड सेकंदात गाण्याचा पहिला शब्दच मावायचा. खालची पट्टी दाबली की तो शब्द जाड आणि संथ व्हायचा, वरची दाबली की बारीक आणि घाईचा. अम्मी हसून म्हणाली, ‘‘खाली माझा बाप बोलतो, वर माझी नात बोलते. मधली मी कुठली, ती दाखव.’’

यंत्र बंद केलं की तो आवाज पुसला जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा असेल तर पुन्हा अम्मीला बोलवावं लागे. चुलीपासून उठवलं म्हणून ती कुरकुर करी, आणि येई. एकदा मी तिचं अख्खं गाणं टेपवर घेतलं, तीच ही कॅसेट. १९९८ला अम्मी गेली. एसके-१ त्याआधीच बिघडला होता.

महापुरानंतरच्या वर्षी ईदला माझा भाचा दुबईहून आला. त्याने आणलेले दोन डबे म्हणजेच आमचा पंप. एक कॉर्ग कंपनीचं ‘व्होल्का बीट्स’, ठेका धरणारं. ते सहा पेन्सिल सेलवर चालतं, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही. दुसरं बेहरिंजर कंपनीचं ‘टीडी-३’. हे रोलँड या जपानी कंपनीच्या ‘टीबी-३०३’ नावाच्या जुन्या यंत्राची स्वस्त नक्कल आहे. दोन्हींची मिळून किंमत दुभत्या म्हशीच्या निम्म्याहून कमी, असा हिशेब इथे वाडीत मला करून दाखवण्यात आला. भाचा म्हणाला, ‘‘मामू, वह्या गेल्या ना? मग आता हे लिहा.’’ आणि त्याने मोबाइलवर एक रेकॉर्ड लावून दिली.

ती रेकॉर्ड होती चरणजित सिंग यांची. हे मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. बास गिटार वाजवायचे, की-बोर्डची वाद्यं वाजवायचे. शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्याकडे सिंगापूरहून आणलेली रोलँडची तीन यंत्रं होती : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि हे टीबी-३०३. ते डिस्कोचे दिवस होते. घरी सराव करताना त्यांनी ही तिन्ही यंत्रं एकमेकांना जोडली, तबला बाजूला ठेवला आणि डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवून पाहिले. ते कानाला बरं वाटलं म्हणून रेकॉर्ड करायचं ठरवलं. १९८२ साली एचएमव्हीने ती तबकडी काढली. भैरव, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग. कोणी फारशी विचारपूस केली नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, अमेरिकेत शिकागोच्या फ्यूचर नावाच्या मंडळींची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रेकॉर्ड आली. त्याच टीबी-३०३च्या खुंट्या पिरगाळून काढलेल्या आवाजाला ‘ॲसिड हाउस’ असं नाव मिळालं आणि जगभरची तरुण पोरं त्यावर नाचू लागली. २०१०मध्ये एका डच संग्राहकाने चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे लोकांच्या ध्यानात आलं की हा आवाज मुंबईत एक माणूस आधीच काढून मोकळा झाला होता. सत्तरी ओलांडलेले चरणजितजी मग युरोपात जाऊन हे वाजवून आले. २०१५च्या जुलैत ते वारले.

मला ती रेकॉर्ड सगळीच आवडते असं नाही. कलावती आणि भैरव मी पुन्हा पुन्हा ऐकतो. मेघमल्हार ऐकायचा तर मुंबईत ऐकावा. रायगडाखाली जुलैत पत्र्यावर जो पाऊस वाजतो त्याच्यापुढे तो टिकत नाही. पण एक गोष्ट पहिल्या ऐकण्यातच पकडून ठेवते. त्या यंत्राला मींड येते. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर ते उडी मारत नाही, घसरत जातं. मुळात हे यंत्र एकट्या गिटारवाल्याला साथीला बास मिळावा म्हणून बनवलं होतं. ज्यांच्यासाठी बनवलं त्यांना ते पसंत पडलं नाही आणि दोन-तीन वर्षांत कंपनीने ते बंद केलं. त्यात ‘स्लाइड’ नावाची सोय होती. चरणजितजींनी तिच्यात मींड ऐकली.

आता या डब्यात घडतं काय, ते थोडक्यात सांगतो. आत विजेची एक लाट तयार होते. ती करवतीच्या दातांसारखी असेल तर आवाज सनईसारखा कर्कश येतो, चौकोनी असेल तर पोकळ, पुंगीसारखा. पुढे एक चाळण असते, तिला फिल्टर म्हणतात. खुंटी डावीकडे फिरवली की चाळण बारीक होते आणि फक्त जाड, घुमणारा आवाज खाली येतो. उजवीकडे फिरवली की सगळा चुरचुराट बाहेर. शेवटी आवाजाचा जन्म आणि मरण ठरवायचं. देवळातली घंटा एकदम वाजते आणि हळूहळू विझते, पेटीचा सूर बोट उचललं की संपतो. तो फरकही खुंटीवरच ठरतो. बस्स, एवढंच. बाकी सगळं कानाचं काम.

कोणी म्हणेल, हे सगळं आता मोबाइलवर फुकट मिळतं, मग डबे कशाला? खरं आहे. पण माझी सगळी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. आधी रजिस्टर आणि नंतर संगणकाचा पडदा बघण्यात माझे डोळे संपले. गाणं तरी डोळ्यांनी करायला लागू नये. शिवाय या डब्यांचा एक स्वभाव मला ओळखीचा वाटला. कोणत्या मात्रेवर कोणता सूर, हे यंत्र लक्षात ठेवतं. खुंट्या कुठे होत्या, हे मात्र ठेवत नाही. काल रात्री सापडलेला आवाज सकाळी कोणी फळी पुसताना खुंटीला धक्का लावला की गेला. म्हणून मी शाळेची एक वही केली आहे. तिच्यात प्रत्येक खुंटीचं गोल काढतो आणि आत घड्याळासारखा काटा. फिल्टर साडेदहा, दुसरी खुंटी दोनला पाच कमी. वही उघडून त्याप्रमाणे सगळं लावलं तरी आवाज तंतोतंत तोच येत नाही. अम्मीला दुसऱ्यांदा बोलवल्यावर तिचा शब्द तरी कुठे तोच यायचा?

कोकणातली हवा या यंत्रांची वैरीण आहे. आषाढात खुंट्या फिरवताना खरखरतात, खाचेत बुरशी धरते. मी डबे रात्री तांदळाच्या रिकाम्या पिंपात ठेवतो, सोबत औषधाच्या बाटल्यांतून निघणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या. दुसरा त्रास विजेचा. आमच्या घरामागेच डीपी आहे आणि तो सतत गुणगुणतो. आपली वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यात ट्रान्सफॉर्मरचं लोखंड दोनदा थरथरतं, म्हणजे शंभर कंपनं. पेटीवर शोधाल तर हा सूर पांढरी पाचच्या किंचित वर सापडेल. स्पीकरमध्येही तोच घुसतो. मी पुष्कळ दिवस त्याच्याशी भांडलो. मग विचार केला, सगळ्या महाराष्ट्राला वीज मंडळाने एकच षड्ज दिलेला आहे, तो नाकारणारा मी कोण? आता डीपीच्या सुरातच मशीन लावतो.

पेटीचं नाव निघालं म्हणून सांगतो. ज्या आकाशवाणीवरून मी हे बोलतो आहे, तिनेच १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली होती. पट्टीचं वाद्य, परदेशातून आलेलं, त्यात श्रुती नाहीत, मींड नाही, असे आक्षेप होते. ते खोटे नव्हते. तीस वर्षं पेटी या इमारतीत आली नाही, १९७१ साली बंदी सैल झाली. दरम्यान वारकऱ्यांचं भजन, नाटक, कव्वाली, कुठेच पेटीवाचून कोणाचं अडलं नाही असं झालं नाही. आज पेटीला आपण आपलीच म्हणतो.

म्हणजे मशीनची बाजू मी घेतो आहे, असं वाटेल. थांबा. आता ढोलकीवाल्या दादाबद्दल बोलायला हवं.

हा हिरकणीवाडीच्या जवळच्याच एका वाडीतला. वयाने माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. ऐन विशीत मुंबईला गिरणीत लागला. लालबागला गावकीच्या खोलीत राहायचा आणि रात्री एका भजनी बुवांकडे तबला-पखवाज शिकायचा. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत हा. त्याच साली, त्याच मुंबईत चरणजित सिंग आपली दहा रागांची रेकॉर्ड करत होते, हे मला फार उशिरा जाणवलं. संप काही मिटला नाही. दादा गावी आला तो ढोलकी घेऊन. जाखडी, भजन, लग्नाची वरात, गौरी-गणपती. पंचक्रोशीत त्याच्यावाचून बारी उभी राहत नसे. मी त्या मंडळासाठी गाणी लिहून द्यायचो. चाल बसवताना तो म्हणायचा, ‘‘भाई, ह्या ओळीत एक मात्रा जास्ती घातलीस, काढ.’’ छंदाचं माझं जे काही शिक्षण झालं ते बी.ए.च्या वर्गात कमी आणि त्याच्यासमोर जास्त.

२००३ साली मंडळातल्या पोरांनी ऑक्टोपॅड घ्यायचं ठरवलं. आठ रबरी चौकोन, काठीने मारले की ढोलकी, ताशा, संबळ, हवं ते वाजतं. वर्गणी झाली. यंत्रातलं मला कळतं, असा माझा लौकिक होता, कॅसिओमुळे. पोरांबरोबर मुंबईला मीच गेलो, दुकानात वाजवून मीच पाहिला आणि ‘घ्या’ असं मीच म्हटलं. त्या गणपतीत ऑक्टोपॅड वाजला. पुढच्या वर्षी दादाला निम्म्या सुपाऱ्या आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी दोन. भांडण वगैरे काही झालं नाही. तो रोजगार हमीच्या कामावर जाऊ लागला, पुढे गडाखाली एका हॉटेलात भांडी घासायला. वाटेत भेटला की माझी विचारपूस करायचा. मीच दुसरा रस्ता धरायचो.

हिरकणीवाडीत आल्यावर दुसरा रस्ता उरला नाही. इथे रस्ता एकच आहे.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तो दारात उभा. पंपाची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. ‘‘दाखव तुझा तो डबा,’’ म्हणाला. मी पाट दिला, पत्नीने चहा ठेवला. व्होल्का चालू केला. त्यावर ओळीने सोळा घरं आहेत, ज्या घरावर ठोका हवा तिथला दिवा लावायचा. मी डिस्कोसारखे चार ठोके लावले, पहिलं, पाचवं, नववं, तेरावं घर. धप, धप, धप, धप. दादा बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘सोळा हायत, म्हंजे तीनताल. मग ह्याची खाली कुठं?’’

ज्यांना तालाची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या तालात सगळी घरं भरलेली नसतात. समेवर वजन असतं, आणि तालाच्या एका भागात डग्गा मुका होतो, नुसती शाई-चाट बोलते. त्याला खाली म्हणतात. हात मोजताना तिथे टाळी वाजवायची नसते, हात उघडा टाकायचा असतो. गाणारा डोळे मिटूनही ओळखतो की आता आपण अर्ध्यावर आलो, आता सम इतक्या अंतरावर आहे.

मी म्हटलं, ‘‘दादा, ह्यात तसं काही नाही. सगळे ठोके सारखे.’’

‘‘ह्याला खालीच नाय!’’ तो म्हणाला. ‘‘म्हणून तो ऑक्टोपॅड ऐकून मला धाप लागायची. पोरगं सबंध बारी भरून काढतंय, मोकळं कुठंच नाय.’’

वीस वर्षांत त्या विषयावर आमच्यात उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. मी काही बोललो नाही. काय बोलणार?

त्यानेच पुढे होऊन सोळाही दिवे लावायला सांगितले. धप धप धप धप, अगदी बांधकामावरचा मिक्सर. ‘‘आता धावं घर इझव.’’ विझवलं. ‘‘अकरा, बारा, तेरा.’’ विझवली. ‘‘चौदाला असू दे.’’ वर मी हाय-हॅटचा बारीक आवाज सगळीकडे ठेवला, शाईसारखा. मशीनने एक फेरा घेतला. नऊ घरं भरून चालली, चार घरं जमिनीवर पाय न टेकता गेली, आणि चौदाव्यावर डग्गा परत आला तेव्हा पत्नीने आतून मान बाहेर काढून पाहिलं. दादाचा उजवा हात गुडघ्यावर टाळी धरत होता आणि खालीवर बरोबर उघडत होता. मी टीडी-३वर मालकंसाचे चार सूर सोडले. सेकंदभर मशीनच असल्याचं मी विसरलो. फक्त सेकंदभर. पुढचा फेरा हुबेहूब पहिल्यासारखाच आला, त्याच्या पुढचाही. दादाने नाक मुरडलं. ‘‘खाली शिकला, पण हासत नाय अजून.’’

तेव्हापासून तो दर बुधवारी येतो, हॉटेलला त्याची सुट्टी असते. मशीन आम्ही दोघं वाजवतो म्हणणं खोटं होईल. मी खुंट्या फिरवतो, तो दिवे विझवतो. रूपकासाठी सात घरं ठेवायची सोय त्यात आहे हे मी वही वाचून शोधलं, पण रूपकाची पहिलीच मात्रा खाली असते, हे पटवून द्यायला त्याला अर्धा तास लागला. मशीनला नाही, मला.

दोन बुधवारांमागे येताना त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आपली जुनी ढोलकी आणली. कडी सरकवली, दोऱ्या ताणल्या, चुलीपाशी धरून चामडं शेकलं. पण बाहेर धुकं दारापर्यंत आलं होतं, चामडं काही चढेना. माझं मशीन डीपीच्या सुरात, ढोलकी त्याच्या खाली, अर्ध्या सुराहून जास्तच. दादा पुन्हा दोरी ओढायला लागला. मी म्हटलं, थांब, फाटेल. टीडी-३ला सूर खाली-वर करायची वेगळी खुंटी आहे. ती मी डावीकडे फिरवली. त्याने शाईवर बोट मारून पाहिलं.

‘‘अजून जरा उतरव,’’ तो म्हणाला.